आकडे नसतील तर चिन्हं मांडा

तुमच्या खाडीत कोण कुणामुळं वाढतं-घटतं याचं मॉडेल करायचं म्हटलं, तर वर कुणी म्हटलंय, आकडेच नाहीत तर मॉडेल कसलं? पटलं नाही. 1984 च्या इकोपाथला, म्हणजे कोण कुणाला किती खातं याचा हिशेब मांडणाऱ्या मॉडेलला, प्रत्येक जीवगटाचं वजन, खाणं, वाढ लागते हे खरं. पण परिसंस्थाशास्त्रज्ञ रिचर्ड लेव्हिन्सच्या 1974 च्या रीतीला एकाचा दुसऱ्यावर परिणाम अधिक, उणे की शून्य, एवढं पुरतं. आमच्या भंडाऱ्याकडच्या मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या) तलावाचं पाठकोऱ्या कागदावर काढलं: बेशरम (माजणारं तण) वाढली की देवधान (तलावातला रानटी भात) उणे, मग मासोळी उणे. मासेमारी करणारे काका बघून म्हणाले, "अन् गाळ कुठं हाय बाप्पा?" गाळानं तलाव उथळ होऊन बेशरमीचं फावतं, पण सोबत आलेलं खत शेवाळाला, पुढं मासोळीला पोसतं. मासोळीवर एका वाटेनं उणे, दुसरीनं अधिक; चिन्हं भिडली! मग कोणता बाण किती जोराचा, हे 1 ते 5 मध्ये काकांनाच विचारून भरलं. तुमच्या खाडीत भरतीचं खारेपणही येईल, कागद मोठा घ्या.