चोंदलेल्या नाकासाठी निलगिरीचं 'सौम्य' तेल: किती थेंब, कसं वापरायचं?

निशिगंध:
घरात मोठ्यांना सर्दी झाली आहे, रात्री आडवं पडलं की नाक पार बंद होतं. निलगिरी तेलाच्या बाटलीवर 'युकॅलिप्टस रेडिआटा, सौम्य' असं छापलंय. नेहमीच्या ग्लोब्युलसपेक्षा (निलगिरीची दुसरी जात) ते खरंच सौम्य असतं का? वाफेच्या पाण्यात किती थेंब टाकायचे? कुठे एक सांगतात, कुठे दहा. छातीला चोळायचं तर किती पातळ करायचं? चार वर्षांच्या मुलीला चालेल का? आणि घरातल्या नेब्युलायझरमध्ये टाकता येईल का?

वाफारा:
रेडिआटाचा वास नाकाला कमी झोंबतो, एवढं खरं. पण दोन्ही तेलांत मुख्य घटक सिनिऑलच, आणि तो दोन्हींत भरपूर असतो. त्यामुळे 'सौम्य' वाचून थेंब वाढवू नका आणि मुलांसाठीची खबरदारीही सैल करू नका.

वाफेसाठी मोठ्या माणसाला एक थेंब पुरतो, फार तर दोन. पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि ते रुंद, जड बुडाच्या भांड्यात ओतून सपाट टेबलावर ठेवा. मांडीवर किंवा पलंगावर अजिबात नको, भाजण्याचे प्रकार तिथेच होतात. दोन-तीन मिनिटं थांबा, मग थेंब टाका. चष्मा, लेन्स काढा, डोळे मिटा, चेहरा साधारण फूटभर वर ठेवा आणि पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या. टॉवेल डोक्यावरून घेतलात तरी एक बाजू उघडी असू द्या.

दहा थेंबांनी काय होतं? तेल पाण्यात विरघळत नाही, वर तवंग होऊन तरंगतं आणि पहिल्याच मिनिटात बरंचसं एकदम वर येतं. डोळ्यांतून धारा लागतात, ठसका बसतो, नाकाची आतली त्वचा चिडून सुजते. म्हणजे चोंदलेलं नाक आणखीच चोंदतं. उकळत्या पाण्यात टाकलं तरी तेच.

तीळतेल:
छातीचं मी सांगते. १० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ४ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के. त्वचा नाजूक असेल तर २ थेंब. हिशोब २० थेंबांचा १ मिली असा धरलाय, पण प्रत्येक बाटलीचं तोंड वेगळं, थेंब लहानमोठा पडतो. म्हणून कमीकडे झुकलेलं बरं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा. नाकाखाली किंवा नाकपुडीत लावायचं नाही. चोळून झाल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर झोपेत तेच बोट डोळ्यात जातं. डोळ्यात गेलंच तर साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवत राहा. त्वचेची आग झाली तर नुसतं पाणी ओतून भागत नाही: साधं खोबरेल लावून पुसा, मग साबण.

एक अगदी बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. हवा लागून जुनं झालेलं तेल अंगावर जास्त उठतं.

सावधान_घर:
नेब्युलायझरमध्ये तेल कधीच नाही! ते यंत्र पाण्यात विरघळणाऱ्या औषधांचे अतिबारीक कण करून थेट फुप्फुसात पोचवतं. तेलाचे कण तिथे गेले तर फुप्फुसाला सूज येते, तेलामुळे होणारा न्यूमोनिया म्हणतात तो हाच. शिवाय तेलाने प्लास्टिकचा कप खराब होतो ते वेगळंच.

चार वर्षांच्या मुलीला ना वाफ, ना चोळणं. गरम भांडं कलंडण्याचा धोका आहेच. तिच्यासाठी औषधाच्या दुकानातले ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब आणा: झोपण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन, मग नाक शिंकरायला लावा. पाणी, सूप थोडं थोडं देत राहा. दोन वर्षांखालच्या बाळांजवळ तर कापूर-मेन्थॉलचं मलमही नको, श्वास अडकू शकतो.

बाटली कुलपात ठेवा. चमचाभर तेल पोटात गेलं तरी लहान मुलाची शुद्ध हरपू शकते, झटके येऊ शकतात. तसं झालं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.

निशिगंध:
नेब्युलायझरचा विचार सोडला. सासऱ्यांना दमा आहे, त्यांना निदान डिफ्यूझर (पाण्यात तेलाचे थेंब टाकून खोलीत वास पसरवणारं यंत्र) चालेल का?

वाफारा:
त्यांच्या खोलीत नको. उग्र वासाने काही जणांना दम्याची उबळ येते, आणि कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही. बाकीच्यांसाठी १०० मिली पाण्याला ३ थेंब, दार उघडं ठेवून ३० मिनिटं, मग बंद. रात्रभर चालू ठेवू नका. घरात मांजर असेल तर तेही नको, तिच्या यकृताला असली तेलं नीट निकामी करता येत नाहीत.

आणि एक. या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं 'वाटतं', कारण गारवा जाणणाऱ्या नसा जाग्या होतात. आतली सूज तशीच असते. तेव्हा ताप तीन दिवसांवर गेला, दहा दिवसांत सर्दी हटली नाही, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं तर डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज आला तर त्याच दिवशी.