जिवाणूत चाललं, पानाचं काय?

‘एन्झाइम खाडीतल्या तिवरापासून माणसापर्यंत जवळजवळ सारखंच, मग ई. कोलाय या जिवाणूमध्ये जनुक घालून बघितलं की झालं, रोपाचा खटाटोप कशाला?’ हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटला. पेशीतल्या घातक सुपरऑक्साइडचा निकाल लावणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचंच घ्या. ई. कोलायची ते बनवणारी सॉड-ए आणि सॉड-बी ही दोन्ही जनुकं काढली की तो क्षार-ग्लुकोजच्या साध्या माध्यमावर हवेत वाढतच नाही. बाहेरचं जनुक घातल्यावर वाढला, तर एन्झाइम काम करतं एवढं चोख कळतं. पण मुळाशी खारं पाणी साचल्यावर पान किती तग धरतं, हे जिवाणू काय सांगणार, कप्पाळ! म्हणून तर तिवराचं याच एन्झाइमचं जनुक पुसा बासमती-१ भातात घालून पाहिलं गेलं. आपल्या खारजमिनीतल्या शेतकऱ्याला त्यातच रस.

खटाटोपाबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. एमेस्सीला रत्नागिरीत मी तंबाखूच्या पानाच्या चकत्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये, म्हणजे रोपात जनुक पोचवणाऱ्या जिवाणूत, बुडवून लावत असे. ई. कोलायमध्ये जनुक शिरवायला ४२ अंशांचा चटका मिनिटभर, दुसऱ्या दिवशी प्लेटवर वसाहती मोजायला हजर. चकत्यांना कोंब यायला महिना, आणि आमचा महिना नेमका जुलै! रात्री लाइट गेली, एसी बंद. सकाळी अर्ध्याअधिक बाटल्यांत काळी बुरशी, आणि चकतीच्या कडेला आलेला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा कोंब तिच्यात बुडालेला. दुसरा लॉट गणपती झाल्यावर लावला, तेव्हा कुठे सात रोपं हाती लागली.