मदत हवी आहे: गरम झालं की २६ सीसी आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बग्गीचं इंजिन आयडलला (थ्रॉटल सोडल्यावरच्या संथ वेगाला) उतरत नाही

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातला, जि. यवतमाळ. गावात फवारणी पंप अन् ग्रास कटर दुरुस्त करतो, म्हणून टू-स्ट्रोक इंजिन मला नवं नाही. पण भाच्याने नागपूरहून आणलेली ही १/५ स्केलची पेट्रोल बग्गी दहा दिवसांपासून समजून नाही राहिली.

वॉलब्रो डायफ्राम कार्ब (पातळ पडद्यावर चालणारा कार्बुरेटर), पेट्रोल-ऑइलचं २५:१ मिश्रण, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. मे महिन्यात ४५ अंशात ट्यून केली, पेट्रोलच्या एच (जास्त वेगाची) आणि एल (कमी वेगाची) दोन्ही सुया सव्वा आटा बाहेर, तेव्हा मस्त पळाली. मग पेरणी लागली आणि गाडी टाकीतल्या पेट्रोलसकट कोठ्यात पडून राहिली. आता उलंगवाडी झाली, वावर मोकळं, म्हणून काढली.

थंड असताना दुसऱ्या ओढीला सुरू होते. पाच-सात मिनिटांनी गरम झाली की थ्रॉटल सोडला तरी आवाज चढलेलाच राहतो, क्लच सुटत नाही, गाडी आपोआप पुढे जाते. भोवती लहान पोट्टे असतात, त्यामुळे सध्या बंदच ठेवली आहे.

थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटते, ते पाहिलं. प्लग पांढरट, गॅप ०.६ मिमी. काळ्या मातीची धूळ फार बारीक, म्हणून फोम फिल्टर धुऊन तेल लावलं. कार्ब खोलला तर इथेनॉलच्या पेट्रोलात राहून डायफ्राम कडक झाला होता. नवीन किट टाकली. थंडीत हवा दाट, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होणार, म्हणून एच अर्धपाव आटा उघडली. टॉपचा वेग सुधारला, आयडल तसंच. एल उघडली तर थंड इंजिन धूर ओकते, गरम झालं की पुन्हा तेच.

कुठून तरी हवा ओढते आहे असं वाटते. इन्सुलेटरची (कार्ब आणि सिलिंडरमधल्या तुकड्याची) गॅस्केट की क्रँक सील (क्रँक शाफ्टभोवतीचं सील)? हवा भरून गळती पाहायचा प्रेशर टेस्टर नाही. इंजिन पूर्ण न खोलता कसं ओळखू?

प्रतिसाद:
दादा, आता सुयांना हात लावू नका. गळती असताना चालवली तर पिस्टन जाम होईल. टेस्टरच्या जागी जुन्या बीपी यंत्राचा फुगा आणि डायल चालते. ३०० एमएम म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय, तेवढं पुरते. कार्ब अन् इन्सुलेटर काढा, सायलेन्सरच्या अन् इनटेकच्या तोंडावर सायकल ट्यूबचा तुकडा ठेवून आवळा, प्लग जागेवर असू द्या. कार्बचा पडदा हलवणाऱ्या पल्सचं (दाबाच्या ठोक्यांचं) भोक सरळ क्रँककेसमध्ये जाते, तिथून २५० पर्यंत हवा भरा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावा: आधी सिलिंडरची खालची गॅस्केट, मग फ्लायव्हील आणि क्लच काढून दोन्ही सील. इन्सुलेटर परत बसवून त्याच्याही कडा तपासा.

धागाकर्ता:
भाऊ, लय उपकार झाले. डॉक्टरसाहेबांकडून जुना फुगा मिळाला. इन्सुलेटर ठीक. काटा मिनिटभरात २५० वरून ९० वर आला, आणि क्लचकडच्या सीलला बुडबुडे! शाफ्ट बोटाने हलवला तर किंचित खेळही लागते, म्हणून क्रँककेस उघडून सीलसोबत बेअरिंगही बदलतो. यात बेअरिंग कोणी बसवलं असेल तर सांगा, अॅल्युमिनियमची केस किती गरम करावी?