रॉकी मार्सियानो: ४९ विजयांच्या आकड्याने मोठा झालेला जगज्जेता?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

हेवीवेट मुष्टियुद्धातील सर्वश्रेष्ठ कोण, ही चर्चा निघाली की अमेरिकेच्या रॉकी मार्सियानोचे नाव पहिल्या पाचांत हमखास घेतले जाते आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच सांगितले जाते: ४९ लढती, ४९ विजय, त्यांपैकी ४३ नॉकआउट. हा विक्रम खरा आहे. मात्र त्याने हरवलेल्या मोठ्या नावांकडे पाहिले की माझ्या मनात शंका उभी राहते. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्याने माजी जगज्जेत्या जो लुईला आठव्या फेरीत पाडले, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि एकदा निवृत्ती घेऊन केवळ प्राप्तिकराच्या कर्जापायी रिंगणात परतला होता. ज्याच्याकडून विजेतेपद घेतले तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा, शेवटच्या लढतीतला आर्ची मूर चाळिशीच्या आसपासचा, आणि एझर्ड चार्ल्सचा उत्तम काळ त्याआधीच सरलेला. अशा प्रतिस्पर्ध्यांवर मिळवलेल्या विजयांमुळे आपण मार्सियानोला त्याच्या योग्यतेपेक्षा वरच्या पायरीवर बसवले आहे का? लढती पाहिलेल्या जाणकारांनी लढतींविषयीच लिहावे, ही विनंती.

उत्तर १ (कराड)

आपण दिलेली वये बरोबर आहेत, पण वयावरून काढलेला निष्कर्ष प्रत्येकाला सारखा लागू होत नाही. लुईच्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे; त्या विजयाला मी मार्सियानोच्या मोठेपणाचा पुरावा मानत नाही. वॉलकॉटची गोष्ट वेगळी आहे. तो मुळात ३७व्या वर्षी, जुलै १९५१ मध्ये, चार्ल्सला नॉकआउट करून जगज्जेता झाला होता, म्हणजे ज्या वयाला आपण उतार म्हणता तोच त्याच्या कारकिर्दीचा कळस होता.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात झालेली त्यांची लढत संपूर्ण पाहावी, एवढाच माझा आग्रह आहे. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) मार्सियानो खाली बसला. व्यावसायिक कारकिर्दीत तो प्रथमच पडला होता. पुढच्या अकरा फेऱ्यांत वॉलकॉट सरकत, वळत, अंतर राखत त्याला झोडत राहिला, आणि तेराव्या फेरीपूर्वी तिन्ही गुणपत्रिकांवर मार्सियानो मागे होता. त्याला जिंकायचे तर नॉकआउटखेरीज मार्ग उरलेला नव्हता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांजवळ आला आणि मार्सियानोचा जेमतेम हातभर अंतरावरून सुटलेला उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. त्या एका ठोशाला नशीब म्हणणारे आहेत, पण बारा फेऱ्या मार खाऊनही तेराव्या फेरीत तो ठोसा तितक्याच ताकदीने मारता यावा इतका दम अंगात ठेवणे हे नशिबाने होत नाही.

चार्ल्सविषयी थोडे. तो लाइट हेवीवेटमध्ये अधिक तेजस्वी होता, हे खरे. तरीही जून १९५४ च्या लढतीत त्याने मार्सियानोला पूर्ण पंधरा फेऱ्या खेळायला लावले, आणि तेवढ्या फेऱ्या मार्सियानो आयुष्यात एकदाच खेळला. सप्टेंबरमधील दुसऱ्या लढतीत सहाव्या फेरीत मार्सियानोची नाकपुडी उभी चिरली गेली, रक्त थांबेना, लढत केव्हाही थांबवली जाईल अशी स्थिती झाली आणि त्याने आठव्या फेरीत चार्ल्सला नॉकआउट केले. हातातून सर्व निसटत असताना वेग वाढवणारा बॉक्सर, एवढी एक ओळख मला त्याच्या विक्रमापेक्षा मोठी वाटते.

उत्तर २ (विटा)

कराडच्या सदस्यांनी दोन लढती उत्तम सांगितल्या, पण मूळ प्रश्न आकड्याचा होता आणि त्याला बगल दिली गेली. ४९ पैकी जगज्जेतेपदाच्या लढती सातच. सुरुवातीच्या बऱ्याच लढती अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील स्थानिक आणि सामान्य बॉक्सरांशी झाल्या. मार्च १९५० मध्ये तेव्हा अपराजित असलेल्या रोलंड ला स्टार्झाविरुद्ध तो पंचांच्या विभागलेल्या कौलावर अगदी निसटता जिंकला. तो कौल दुसरीकडे गेला असता तर आज ही चर्चाच झाली नसती. (१९५३ मध्ये त्याने ला स्टार्झाला अकराव्या फेरीत हरवून तो हिशेब चुकता केला, हेही नोंदवतो.)

आपल्याकडे कुंडलच्या मैदानात मल्लाने किती कुस्त्या मारल्या याआधी त्याची जोड कोणाशी लागली होती आणि कुस्ती निकाली झाली की बरोबरीत सोडवली, हे विचारले जाते. तीच कसोटी येथे लावली तर निकाली लढतींत मार्सियानो निर्विवाद उतरतो, परंतु जोडीच्या बाबतीत तो जो लुई किंवा मुहम्मद अलीच्या शेजारी बसत नाही. अलीने सॉनी लिस्टन, जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांना हरवले, आणि फोरमन तर तेव्हा २५ वर्षांचा, ऐन भरातला होता. मार्सियानोच्या यादीत असा एकही तरुण आणि धोकादायक जगज्जेता नाही.

उत्तर ३ (सातारा)

वजनाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. जगज्जेतेपदाच्या काळात मार्सियानो सुमारे ८४ ते ८५ किलो वजनाने उतरत असे; उंची सहा फुटांहून कमी आणि हातांची पोच अवघी ६८ इंच. आज तो हेवीवेटमध्ये न खेळता त्याखालच्या क्रूझरवेट गटात खेळला असता. नंतरच्या काळातला हेवीवेट जगज्जेता लेनॉक्स लुईस याची पोच ८४ इंच होती. एवढ्या फरकाने पुढचा माणूस लांबूनच जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मारत राहिला, तर प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याला शिकवलेली खाली वाकून आत घुसण्याची पद्धत किती चालली असती, याची मला शंका आहे.

परंतु त्या काळातले बरेच हेवीवेट अशाच अंगाचे होते, हे विसरून चालणार नाही. १९५२ च्या ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत फ्लॉइड पॅटरसनने मुष्टियुद्धाच्या मिडलवेट गटात सुवर्ण जिंकले. मार्सियानो एप्रिल १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी हाच पॅटरसन मूरला हरवून हेवीवेट जगज्जेता झाला आणि तोही काही भारी अंगाचा नव्हता. त्यामुळे ‘अमुक काळात तो टिकला असता का’ या प्रश्नावरून त्याची प्रतवारी करणे मला अन्यायाचे वाटते. १९७० मध्ये दाखवलेल्या, संगणकाच्या आधारे जुळवलेल्या अली–मार्सियानो लढतीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो, आणि अजूनही काही लोक तिचा दाखला देतात. तो पुरावा नव्हे.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

सर्वांचे आभार. वॉलकॉटची लढत मी काल रात्री पुन्हा संपूर्ण पाहिली आणि वॉलकॉटला ‘म्हातारा’ ठरवणारे माझे वाक्य मी मागे घेतो. मूरविषयी मात्र माझे मत कायम आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले होते, पण तो पाच वर्षांनी तरुण असता तर नवव्या फेरीचा निकाल तोच लागला असता असे मला वाटत नाही. आणखी एक विचारतो: क्यूबाचा निनो वाल्डेस वरच्या क्रमांकाचा आव्हानवीर असूनही त्याला विजेतेपदाची संधी मिळाली नाही. त्याला मार्सियानोने टाळले का?

उत्तर १ (कराड)

वाल्डेसने ऑगस्ट १९५३ मध्ये चार्ल्सला हरवले होते, म्हणून त्याचा दावा खोटा नव्हता, आणि १९५४ मध्येच त्याला संधी मिळायला हवी होती असे माझेही मत आहे. पण मे १९५५ मध्ये मूरने वाल्डेसला गुणांवर हरवले आणि मार्सियानो त्याच वर्षी मूरशी लढला. ज्याने दावेदाराला हरवले त्यालाच समोर घेणाऱ्यावर पळ काढल्याचा आरोप टिकत नाही. लुई आणि अली यांच्या खाली, पण पहिल्या दहांत निश्चित, असे स्थान मी त्याला देतो, आणि ते देताना ४९ हा आकडा हिशेबात धरत नाही.