विषय: सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या मुलांसाठी जीवशास्त्र: नेटवर काय वापरावं?

प्रेषक: मराठी वर्ग, मस्कत

सर्वांना नमस्कार,

आपल्या वर्गातली बरीच मुलं सुट्टीत गोव्याला निघालीत, आणि काही कुटुंबं चतुर्थी करूनच परतणार आहेत. तिसरीपासून दहावीपर्यंतची मुलं आहेत. शाळेत जीवशास्त्र इंग्रजीत आणि घरी मराठी, म्हणून दोन्हीकडे उपयोगी पडेल असं, मोफत आणि भरवशाचं काय आहे, असं पालक विचारतायत. फोंड्याच्या बाई, तुम्ही आयुष्यभर हाच विषय शिकवलात. सांगाल का?

---

प्रेषक: फोंडा

नमस्कार,

असं कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो.

लहानांसाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर प्राथमिकच्या मुलांची विज्ञानाची पुस्तकं मराठीतही मिळतात. मुलांनी स्वतः पाहावं, मोजावं, चित्र काढावं अशी त्यांची रचना आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. ‘पेशी’ किंवा ‘परागण’ नीट समजून घ्यायचं असेल तर मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचा कुमार विश्वकोश उघडा. त्याचा ‘जीवसृष्टी आणि पर्यावरण’ हा विभाग नेटवर आहे आणि पालकांनीही वाचावा असा आहे.

नववी-दहावीवाल्यांसाठी ओलॅब्ज. अमृता विश्वविद्यापीठ आणि सी-डॅक यांनी केलेली ही आभासी प्रयोगशाळा नववी ते बारावीची आहे, आणि तुमच्याकडच्या सीबीएसईच्या अभ्यासक्रमाला धरून आहे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, पानाची रंध्रं, मनुकांनी शोषलेलं पाणी, सगळं तिथे करून पाहता येतं. मात्र मनुकांचा प्रयोग पडद्यावर करून थांबू नका. वाटीभर पाणी आणि मूठभर मनुका कुठल्याही घरात असतात. आधी वजन करा, काही तास भिजवा, पुसून पुन्हा वजन करा.

नेटवरच्या साधनाला मी एकच कसोटी लावते: ते वापरल्यावर मूल नवा प्रश्न घेऊन पुन्हा झाडाजवळ जातं का? फोनने नाव सांगितलं आणि मूल पुढे निघून गेलं, तर त्याने झाड पाहिलंच नाही.

चतुर्थीला थांबणाऱ्यांनी माटोळी सोडू नये. गणपतीच्या डोक्यावर आपण जी टांगतो ती अख्खी त्या ऋतूची वनस्पतिसृष्टी असते: माट्टीची फळं, कांगले, कवंडळं, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचं शिंपुट, तोरिंग, चिबूड. यातलं अर्धंअधिक रानातलं असतं. मुलांना बाजारात न्या आणि विकायला बसलेल्या मावशींना विचारू दे: हे कुठून आणलं, वेल की झाड, डोंगरावर की कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत? त्या बायकांना जे माहीत असतं ते कुठल्याच संकेतस्थळावर नाही.

मग फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायला मदत करणारं आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप उघडा. नुसत्या तोडलेल्या फळाचा फोटो टाकलात तर अ‍ॅप हमखास गोंधळतं. फळाबरोबर पान हवं, पानाची मागची बाजूही हवी, आणि जमलं तर उभं झाड किंवा वेल. नोंदीत ठिकाण बाजाराचं घालू नका, जिथे ते उगवलं तिथलं घाला. ते कळत नसेल तर नोंद न केलेली बरी, कारण त्या नोंदी पुढे संशोधक वापरतात. आणि एक कळकळीची सूचना: माटोळीतलं सगळंच खाण्याचं नसतं, काही फळं विषारी असतात. मुलांना चव घेऊ देऊ नका.

---

प्रेषक: मडगाव (सध्या सुट्टीवर)

बाई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आणि मुलगा चौथीत. दोघांना एकच अ‍ॅप चालेल का? शिवाय आम्ही मोलेच्या जंगलात जाणार आहोत, तिथे रेंजची बोंब. चोडणला जाण्यात पावसात अर्थ आहे का?

---

प्रेषक: फोंडा

मुलाला सीक द्या. ते आयनॅचरलिस्टचंच आहे, पण खातं उघडावं लागत नाही, म्हणून लहानांसाठी ते योग्य. मुलीला आयनॅचरलिस्ट. तिथे आपण सुचवलेलं नाव इतर लोक तपासतात, कुणी दुसरं नाव सुचवतं, आणि आपण का चुकलो ते शोधावं लागतं. नववीच्या मुलीला विज्ञान कसं चालतं हे कळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मोलेसाठी कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप घ्या. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच घरीच उतरवून ठेवला की रेंज नसतानाही ते आवाजावरून पक्षी सुचवतं. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी कुणी माणूस शीळ घालतोय असं वाटलं तर तो बहुधा शीळकरी कस्तूर. आधी मुलांना डोळे मिटून ऐकू दे, फोन नंतर.

चोडणच्या सलीम अली अभयारण्यात स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, तेव्हा आत्ता पक्ष्यांसाठी नको. खारफुटीसाठी मात्र जरूर जा. रायबंदरहून फेरीबोट आहे. तिथलं तिवर आणि तुमच्या मस्कतच्या कुरुममधलं तिवर सख्खे आहेत. ओमानमध्ये खारफुटीची ती एकच जात आढळते, इथे तिच्यासोबत कांदळ आणि इतर कितीतरी जाती आहेत. एवढा फरक का? तिथे पाऊस नगण्य आणि गोडं पाणी आणणारी बारमाही नदी नाही, इथे मांडवी आहे. मुलांना आधी स्वतः तर्क करू द्या.

तिवराच्या पानावर मीठ दिसतं, कारण ते झाड आत आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. कांदळाला लोंबणाऱ्या लांब हिरव्या ‘शेंगा’ खरं तर रोपं आहेत, बी झाडावरच रुजलेलं असतं. मनुकांचा प्रयोग केलेल्या मुलीला विचारा, खाऱ्या चिखलातलं पाणी हे झाड आत कसं ओढतं? तिला तिथे उत्तर सुचलं नाही तरी चालेल.

आणि परत गेल्यावर बाल्कनीतल्या लिंबाच्या कुंडीवर लक्ष ठेवा. लिंबावरचं फुलपाखरू ओमानातही आहे. त्याची अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर जातवार अळीच्या खाद्यवनस्पती दिलेल्या असतात, तिथे पडताळता येईल. औषध मात्र फवारू नका.

---

प्रेषक: मराठी वर्ग, मस्कत

बाई, खूप आभार. सुट्टीनंतरचा पहिला वर्ग आम्ही कुरुमला घेऊ. चोडणला जाणाऱ्यांनी तिवर आणि कांदळ दोन्हींचे पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून आणावेत.