बांगडा, को-क्यू-१० आणि वॉरफरिन
रोज बांगडा-तारली खाणाऱ्या रत्नागिरीकराला को-एन्झाइम क्यू-१० (को-क्यू-१०) च्या गोळीची गरज नाही, हे एका चर्चेत मांडले गेलेले मत मला अर्धेच पटते. पेशींतील ऊर्जानिर्मितीला लागणारे हे द्रव्य शरीर स्वतःही तयार करते, परंतु १०० ग्रॅम माशातून ते जेमतेम काही मिलिग्रॅम मिळते, तर बाजारातील कॅप्सूल बहुधा १०० मिलिग्रॅमची असते. अर्थात तिने निरोगी माणसाचे वार्धक्य लांबते, असा ठोस पुरावाही नाही.

त्या चर्चेत राहून गेलेली बाब अशी की, या द्रव्याची रचना रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या जीवनसत्त्व के शी मिळतीजुळती असल्यामुळे वॉरफरिन या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेल्या माझ्या मामांनी मुलाने मुंबईहून आणलेली को-क्यू-१० ची बाटली वॉरफरिनच्या पाकिटाशेजारीच ठेवली होती, आणि आयएनआर तपासणीच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या चाचणीच्या) वेळी डॉक्टरांनी खोदून विचारेपर्यंत तिचा उल्लेख कोणीच केला नव्हता.