ट्रेन सिमच्या (कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या गेमच्या) ॲड-ऑनवर, म्हणजे वेगळ्या घ्यायच्या रूट-इंजिनांवर, पैसे घालणं म्हणजे येडेपणा आहे का?

दिवा_जंक्शन
मंडळी, विषय जुनाच आहे पण काल डोकं फिरलं म्हणून लिहितोय. सेलमध्ये एक जर्मन रूट घेतला, लोकांनी बनवलेले सिनॅरिओ (त्या रूटवरच्या तयार फेऱ्या) उतरवले, तर अर्धे चालूच होईनात, कारण त्यातले डबे दुसऱ्या पॅकमधले आणि इंजिन तिसऱ्यातलं. म्हणजे वडा एका गाडीवर, पाव दुसऱ्या आणि चटणीसाठी दादर ब्रिजपलीकडे जा. त्या पैशात माझा महिन्याचा पास निघून वर चहाचे पैसे उरले असते. माझं मत स्पष्ट आहे, ॲड-ऑन घ्यायचं तर फुकटचंच.

मुलुंड_स्लो
फुकट? भाऊ तुम्ही कधी फुकटचा रूट बसवलाय का खरंच? मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर 2001 चा, त्याच्यासाठीचे रूट आज आपण ओपन रेल्स या फुकटच्या सिममध्ये चालवतो, त्यासाठी जुन्या गेमचा ग्लोबल फोल्डर शोधा, टीसेक्शनची (रुळांच्या तुकड्यांच्या यादीची) फाइल बरोबर व्हर्जनची टाका, मग कळतं कन्सिस्टमधला (इंजिन-डब्यांच्या जुळणीतला) एक डबा गायब आहे. माझे दोन रविवार गेले आणि बायको विचारते गाडी सुटली का. मी नोकरी करतो, पैसे देऊन क्लिक केल्यावर चालत असेल तर मी देणार, कोणाला येडेपणा वाटो.

दिवा_जंक्शन
@मुलुंड_स्लो क्लिक केल्यावर चालत असेल तर, हेच तर रडतोय मी 😂

कारशेड_कुर्ला
दोघांचंही ऐकलं, आता माझंही ऐका. मी फुकट मॉडेल बनवतो. डीसी-एसी दोन्हीवर चालणाऱ्या डब्ल्यूसीएएम-3 इंजिनवर आठ महिने गेले, नुसत्या बोगीसाठी (खालच्या चाकांच्या सांगाड्यासाठी) कल्याणला प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून काढलेले फोटो शेकड्याने, हॉर्न रेकॉर्ड केला तर त्यात शेजारच्या काकांचा फोन. खरं इंजिन डीसीवर 4600 आणि एसीवर 5000 हॉर्सपॉवरचं, हा फरक बसवायला जीव काढला. आणि टाकल्यावर पहिली कमेंट काय, "दादा निळ्या रंगात कधी?" थँक्यू पण नाही. ज्यांना फुकट हवंय त्यांनी निदान रीडमी वाचा, निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

मुलुंड_स्लो
रीडमी फाइलवर मंगल फॉन्टमध्ये नुसते चौकोन दिसतात हो साहेब.

कारशेड_कुर्ला
ते तुमच्या कॉम्प्युटरचं पाप.

मंकीहिल
मी पैशाच्या वादात नाही. पण एकदा कर्जत-लोणावळा चालवून बघा, पाऊस लावून, अठरा डब्यांची गाडी, 1 इन 37 ची चढण (37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर). सुरुवातीला थ्रॉटल घाईत उघडला की चाकं घसरतात आणि गाडी जागच्या जागी थरथरते. आता खरं सांगायचं तर मागचे बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) आपल्याच थ्रॉटलवर पळतात, खऱ्या घाटात तिथे वेगळा ड्रायव्हर असतो नि हॉर्नवर बोलणं चालतं, ते सिममध्ये नाही. डोंगर पण चपटे, झाडं पुठ्ठ्याची. तरी लोणावळ्याचा सिग्नल हिरवा दिसला तेव्हा हात घामाने ओले होते राव. हा रूट कुणीतरी रात्री जागून फुकट बनवलाय, एवढं सुख मला कुठल्याच विकतच्या जंगलात मिळालं नाही.

दिवा_जंक्शन
@मंकीहिल हेच म्हणतोय ना मी.

मुलुंड_स्लो
नाही, तुम्ही जर्मन रूट घेतलात आणि आता घाटाचं श्रेय लाटताय. आणि असे रूट बनवणाऱ्यांना थोडे पैसे दिले असते तर झाडं पुठ्ठ्याची राहिली नसती, त्यावर कोणीच बोलत नाही.

कारशेड_कुर्ला
पैसे घेतले की लोक मालक होतात. मला नको.

दिवा_जंक्शन
ठीक आहे, जर्मन रूट परत करता येतो का बघतो. @मंकीहिल तो घाटाचा रूट कुठला टीसेक्शन मागतो तेवढं सांगा, शनिवारी घर रिकामं आहे.